अठरा गाणी आणि एक माणूस



स्मरणिकेसाठी लेख द्या, म्हणून विहाराचे कार्यकर्ते घरी आले. म्हणाले, इतिहासावर काहीतरी लिहा. मी गिरणीत रिंग खात्यात राबलेला माणूस. शाळेचं शिक्षण जेमतेम. जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून. पण इतिहास म्हणजे फक्त राजे आणि लढाया नव्हेत, एवढं त्या वाचनानं शिकवलं. गाण्यालाही इतिहास असतो. गाणं कोणी म्हटलं, कोणी विकलं, कोणी भंगारात काढलं आणि कोणी पुन्हा शोधून आणलं, हाही इतिहासच आहे. असा एक इतिहास आज सांगतो. तो अमेरिकेतला आहे, पण परका वाटणार नाही.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांविषयी आपल्या वस्तीत जुनी आपुलकी आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. गिरणगावाचं नातं तर त्याहून जुनं आहे, ते कापसाचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडच्या गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरलाही. म्हणजे मिसिसिपीच्या शेतात काय चाललंय यावर मुंबईचा बाजार वर-खाली होत होता.

युद्धानंतर गुलामी कायद्यानं संपली. पण जमीन काही काळ्यांच्या हाती आली नाही. मालकाचीच जमीन बटईने कसायची, मालकाच्याच दुकानातून उधारीवर सामान घ्यायचं, आणि हिशेबाच्या दिवशी कर्ज शिल्लकच. या जगण्यातून जे गाणं निघालं त्याला ब्लूज म्हणतात. एक माणूस, एक गिटार आणि मनातलं दुःख. कधी थट्टा, कधी शृंगार, कधी मालकावरचा राग आडवळणानं सांगितलेला.

या गाण्यातला एक मोठा माणूस म्हणजे स्किप जेम्स. मूळ नाव नेहेमाया कर्टिस जेम्स. जन्म ९ जून १९०२, मिसिसिपी राज्यातल्या बेंटोनिया गावचा. दक्षिणेत गोरा माणूस साठीच्या काळ्या माणसालाही ‘बॉय’, म्हणजे ‘ए पोरा’, अशी हाक मारायचा. म्हणून मी मात्र जेम्स यांच्याविषयी अहो-जाहोनंच लिहिणार आहे.

त्यांचे वडील आधी चोरून दारू विकायचे, पुढे पाद्री झाले. स्वतः जेम्स यांनी रस्त्यांच्या कामावर आणि नदीचे बांध घालण्याच्या कामावर मजुरी केली. बेंटोनियात हेन्री स्टकी नावाचे एक वादक होते. त्यांच्याकडून जेम्स यांनी गिटारच्या तारा एका वेगळ्याच मेळात लावायची पद्धत उचलली. त्या मेळात नुसती तार छेडली तरी उदास वाटतं. त्यावर जेम्स यांचा आवाज वरच्या पट्टीतला, बारीक आणि थंड. ऐकताना अंगावर काटा येतो.

आता तबकडी कशी निघाली ते ऐका. अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन राज्यात विस्कॉन्सिन चेअर कंपनी होती. नावाप्रमाणं धंदा खुर्च्यांचा. ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवता बनवता कंपनीला वाटलं, कपाट खपायचं तर रेकॉर्डही आपणच काढावी. १९१७ साली तिनं पॅरामाउंट नावाचा छाप सुरू केला. १९२२ पासून तिनं खास काळ्या गिऱ्हाइकांसाठी रेकॉर्डी काढल्या. त्या काळी अशा रेकॉर्डींना अमेरिकेत ‘रेस रेकॉर्ड’ म्हणत. किंमत पाऊण डॉलर. ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्रात जाहिरात यायची आणि माल टपालानं घरपोच. रेल्वेच्या डब्यात हमाली करणारे काळे कामगारही गाठोड्यातून रेकॉर्डी दक्षिणेकडे न्यायचे.

कंपनीला गाण्याचं प्रेम नव्हतं. खुर्ची विकली काय आणि गाणं विकलं काय, तिला सारखंच. पण आज जी गाणी जग डोक्यावर घेतं, ती त्या खुर्चीवाल्याच्या धंद्यातूनच आली.

जॅक्सन शहरात एच. सी. स्पीअर नावाचा गोरा दुकानदार होता. कंपन्यांना गायक पुरवणं हा त्याचा जोडधंदा. त्यानं जेम्स यांचं गाणं ऐकलं आणि त्यांना उत्तरेला पाठवलं. फेब्रुवारी १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन या लहान गावी त्यांनी आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातली अठरा आज आपल्याला माहीत आहेत. नऊ तबकड्या, दोन्ही बाजू धरून अठरा गाणी. काही गिटारवर, काही पियानोवर, त्यात दोन देवाची. ‘हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज’ हे त्यातलंच एक, मंदीच्या दिवसांचं. किलिंग फ्लोअर म्हणजे कत्तलखान्याची फरशी. माणसाला काम नाही, घर नाही, दारोदार फिरणं आहे. गिरणी संपाच्या दिवसांत ज्यांनी घरातली भांडी विकली, त्यांना या गाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नाही.

ज्या मंदीवर गाणं होतं तिनंच गाण्याचा घास घेतला. अमेरिकेत १९२७ साली सुमारे दहा कोटी रेकॉर्डी खपत होत्या. १९३२ साली हा आकडा साठ लाखांवर आला. काळा मजूर पाव आणील की तबकडी? जेम्स यांच्या तबकड्या अगदी थोड्या निघाल्या आणि त्याहून थोड्या खपल्या. त्यांच्या हाती फारच थोडे डॉलर पडले. १९३२ साली पॅरामाउंटनं ध्वनिमुद्रण थांबवलं. जेम्स वडिलांच्या मागं धर्मकार्याला लागले, पुढं स्वतः पाद्री झाले. ब्लूज गाणं त्यांनी जवळजवळ टाकून दिलं.

इथं थोडं तबकडीबद्दल सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. जुनी तबकडी लाखेची असायची. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर एका किड्यापासून तयार होणारा चिकट पदार्थ. जगाला ती मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. छोटा नागपूरच्या जंगलात आदिवासी ती फांद्यांवरून खरवडून काढत. त्या लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळून तबकडी दाबली जायची. म्हणजे जेम्स यांचा आवाज ज्या वस्तूत राहिला, तिच्यात आपल्याकडच्या आदिवासीची मेहनतही होती.

पॅरामाउंटनं मात्र हा माल हलका वापरला. त्यामुळं तिच्या रेकॉर्डी नव्या असतानाच खरखरायच्या. वर लोखंडी सुई. दहा-वीस वर्षं वाजवली की गाणं कमी आणि खरखर जास्त.

आणि या रेकॉर्डी गेल्या कुठं? काही वाजवून वाजवून झिजल्या. काही फुटल्या. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. बिऱ्हाड हलवताना जड तबकड्या कोण नेणार? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत लाखेवर निर्बंध आले, तेव्हा जुन्या रेकॉर्डी गोळा करून त्यांचा लगदा झाला. ज्या धातूच्या साच्यांवरून रेकॉर्ड दाबतात, ते साचे पॅरामाउंटनं भंगारात काढले. साचा असता तर हवी तेव्हा नवी कोरी तबकडी काढता आली असती. तो नाही, म्हणून आज स्किप जेम्स यांचं जुनं गाणं कुठंही ऐका, ते कोणाच्या तरी घरात वाचलेल्या झिजक्या तबकडीवरूनच उतरवलेलं असतं.

ग्राफ्टनला एक आठवण सांगतात. कारखाना बंद पडायच्या वेळी कामगारांनी रागानं रेकॉर्डी शेजारच्या मिलवॉकी नदीत भिरकावल्या म्हणे. खरं-खोटं कोण जाणे. २००६ साली अमेरिकन टेलिव्हिजनच्या एका कार्यक्रमासाठी नदीत पाणबुडेही उतरवले, पण तो खजिना काही सापडला नाही. मला ती आठवण खोटी वाटत नाही, एवढंच सांगतो. आमच्या खात्याला टाळं लागलं त्या दिवशी एकानं हातातला बॉबिन भिंतीवर आपटला होता. तो बॉबिन त्यानंच वीस वर्षं जपून वापरला होता.

आता शोध घेणाऱ्यांची गोष्ट. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेम्स मॅक्यून नावाचे एक गोरे गृहस्थ होते. वसतिगृहाच्या एका खोलीत राहायचे. त्यांचा सगळा संग्रह पलंगाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत मावायचा. नावाजलेल्या जॅझच्या रेकॉर्डींमागं जग धावत असताना हा माणूस मिसिसिपीच्या या खरखरीत तबकड्या शोधत होता. त्यांच्याभोवती आणखी काही वेडे जमले. कोणी पत्रव्यवहार करायचा, कोणी जुन्या सामानाच्या दुकानांत धूळ खात फिरायचा, कोणी दक्षिणेत जाऊन काळ्यांच्या वस्तीत दारोदार विचारायचा, जुन्या रेकॉर्डी आहेत का? म्हाताऱ्या बाया माळ्यावरून पेटी काढून द्यायच्या. पेटीत बहुतेक भजनं आणि प्रवचनं निघायची. शंभरात एखादी हवी ती.

स्किप जेम्स यांच्या काही तबकड्यांच्या तर जगात बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती मिळाल्या. ज्याच्याकडे एक असेल त्याच्या घरी लोक लांबून ऐकायला यायचे, आणि तो टेपवर उतरवून दुसऱ्याला द्यायचा. हे लोक नसते तर हे गाणं आज नसतं. मालकानं भंगारात काढलेलं गाणं चाहत्यांनी वाचवलं, हे मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे.

पण यात एक गोष्ट मला खटकते. तबकडीवर कुठं ओरखडा आहे हे या मंडळींना पाठ होतं. गाणारा माणूस जिवंत आहे का, याचा विचार बरीच वर्षं फारसा कोणी केला नाही. त्यांच्या लेखी तो १९३१ सालातच राहिला होता.

१९६३ साली एका गोष्टीनं डोळे उघडले. मिसिसिपी जॉन हर्ट नावाच्या गायकाच्या १९२८ सालच्या गाण्यात त्याच्या गावाचं नाव होतं, अ‍ॅव्हलॉन. टॉम हॉस्किन्स या तरुणानं त्या गावी जाऊन पाहिलं, तर हर्ट तिथंच होते. पत्ता रेकॉर्डवरच होता. पस्तीस वर्षं कोणी जाऊन बघितलं नव्हतं.

मग शोध माणसांचा सुरू झाला. जून १९६४ मध्ये जॉन फेही, बिल बार्थ आणि हेन्री वेस्टाइन हे तीन तरुण स्किप जेम्स यांना शोधत मिसिसिपीत हिंडत होते. हा महिना लक्षात ठेवा. त्याच वेळी काळ्यांची मतदार म्हणून नोंदणी करायला उत्तरेतले शेकडो विद्यार्थी मिसिसिपीत उतरले होते. २१ जून १९६४ रोजी जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला. एक काळा, दोन गोरे. प्रेतं बांधाच्या मातीत पुरलेली, ऑगस्टमध्ये सापडली. अशा दिवसांत बाहेरचा गोरा पोरगा एखाद्या काळ्या माणसाची चौकशी करत दारात आला तर कोण खरं सांगेल? पोलीस असेल, सावकार असेल, त्याहून वाईटही कोणी असेल. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी हा विचार करावा लागत होता.

तरीही माग लागत गेला. एका जुन्या गायकाकडून बेंटोनियाचं नाव कळलं, तिथून पुढचा धागा मिळाला, आणि टुनिका गावच्या इस्पितळात खाटेवर स्किप जेम्स सापडले. वय बासष्ट. कर्करोग झालेला. त्याच महिन्यात दुसऱ्या तिघांना त्याच पिढीतले सन हाउस उत्तरेला रॉचेस्टर शहरात सापडले.

तेहतीस वर्षांनी जेम्स यांनी पुन्हा गिटार हाती घेतलं. जुलै १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते गायले. आवाज तोच, बारीक आणि थंड. श्रोते गप्प झाले. त्यानंतर त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रणं केली, ठिकठिकाणी कार्यक्रम केले. पण त्यांचं गाणं मन रिझवणारं नव्हतं, त्यामुळं आमंत्रणं बेताचीच आली. दुखणं अंगात होतंच. १९६६ साली क्रीम नावाच्या इंग्रज तरुणांच्या मंडळीनं त्यांचं ‘आय अ‍ॅम सो ग्लॅड’ हे गाणं घेतलं, खाली नाव त्यांचं लावलं, आणि त्याचा मोबदला शेवटच्या काळात त्यांच्याकडे आला. अठरा गाण्यांनी उभ्या आयुष्यात जे दिलं नव्हतं, ते एका गाण्याच्या नक्कलीनं दिलं. ३ ऑक्टोबर १९६९ रोजी फिलाडेल्फियात ते वारले. शोध लागल्यापासून पाच वर्षं मिळाली.

पाच वर्षं कमी की जास्त? त्यांचे गुरू हेन्री स्टकी यांचं बघा. ज्यांच्यापासून हा सारा सूर निघाला, ते १९६६ पर्यंत हयात होते. मिसिसिपीतच होते. त्यांची एकही रेकॉर्ड आज हाती नाही. चाहते तबकडीच्या मागं होते. ज्याची तबकडीच नाही त्याला शोधायचं कसं, हे त्यांना उमगलं नाही. बेंटोनियाचेच जॅक ओवेन्स थोडे नशीबवान. त्यांचं गाणं १९६६ पासून ध्वनिमुद्रित झालं आणि ते १९९७ पर्यंत जगले.

आज या तबकड्यांचा भाव काय आहे? पॅरामाउंटवरच टॉमी जॉन्सन या गायकाची एक रेकॉर्ड २०१३ साली लिलावात ३७,१०० डॉलरला गेली. मूळ किंमत पाऊण डॉलर. विली ब्राउन यांची एक रेकॉर्ड निघाल्याची नोंद आहे, नंबरसुद्धा माहीत आहे, पण तिची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. लोक अजून शोधतायत. शोधू देत. पण ज्या माणसानं ती गायली, त्याला त्या दिवशी काय मिळालं, हा प्रश्न लिलावात कोणी विचारत नाही. तो आपण विचारायचा.

या इतिहासातून मी घेतलेला बोध साधा आहे. गाणं वाचवायला पैसा लागत नाही, वेड लागतं. ते वेड त्या गोऱ्या पोरांत होतं, त्यांना सलाम. पण वेड वस्तूचं असलं की माणूस निसटतो. माणसाकडं वेळेवर गेलं पाहिजे. टुनिकाला ते तिघं पाच-सात वर्षं उशिरा पोचले असते तर हाती फक्त नऊ तबकड्या राहिल्या असत्या.

आता आपलं बघू. रेकॉर्डी जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था मुंबईत १९९० पासून आहे. त्यांचं काम त्यांनी केलं. पण आपल्या चाळीत, वस्तीत जे गाणं झालं ते सगळं रेकॉर्डवर आलंय का? कितीतरी शाहीर, गायक जयंतीच्या रात्री लाऊडस्पीकरवर गायले, सकाळी उठून पाळीला गेले. कोणीतरी टेपरेकॉर्डर लावला असेल तर कॅसेट आहे, नाहीतर काहीच नाही. ती कॅसेट कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत असते. वर नाव नसतं, साल नसतं. घर बदलताना, इमारत पाडताना पहिल्यांदा तीच पेटी भंगारवाल्याकडं जाते. कॅसेटची फीतही पावसाळ्यागणिक बुरशी धरते.

म्हणून तरुणांना एवढंच सांगणं आहे. घरातली कॅसेट टाकू नका. विहारात आणून द्या, आजच्या मोबाईलच्या काळात ती उतरवून घेणं अवघड नाही. वर कागद चिकटवा. गाणारा कोण, गाणं कोणी लिहिलं, ढोलकीला कोण होतं, गाव कुठलं, साल कुठलं. आणि तो गाणारा हयात असेल तर पुढच्या रविवारी त्याच्या घरी जा. चहा घ्या. त्याला बोलतं करा. त्यानं कोणाकडून शिकलं ते विचारा आणि लिहून घ्या. आमच्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत असे एक गृहस्थ आहेत. वय पंच्याहत्तरच्या पुढं, दम लागतो, पण गुणगुणतात अजून. या रविवारी मी जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी दहाला विहाराच्या दारात भेटावं. येताना वही आणावी.

जय भीम.